कोटेशनवर 'ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर वेगळं' लिहिलंय, म्हणजे त्यात नेमकं काय काय येतं?

अंबड_स्टोअरकीपर

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये मी स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. शेठ ऑफिससाठी दोन नवे कॉम्प्युटर घेतायत आणि 'तुला त्यातलं कळतं' म्हणत कोटेशनं माझ्या टेबलावर टाकून गेलेत. मला कळतं म्हणजे एक्सेलमध्ये स्टॉक लिहितो, गाडीतून माल पाठवायला लागणारं ई-वे बिल काढतो, पार्टीला मेल करतो. संपलं.

एका कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात ओळ आहे: 'सिस्टम सॉफ्टवेअर इन्क्लुडेड, ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर एक्स्ट्रा.' फोन केला तर म्हणतो, 'विंडोज टाकून देतो साहेब, बाकी तुमचं तुम्ही बघा.' आता हे बाकी म्हणजे काय? शेठ विचारतात, बाकीला किती धरू.

मुलगी अकरावीला आहे, तिला विचारलं. तिच्या गाईडमध्ये ॲप्लिकेशन सॉफ्टवेअरचे प्रकार दोन दिलेत, क्लासच्या नोट्समध्ये सहा, आणि ती ज्यांचे व्हिडिओ बघते त्या सरांनी नऊ सांगितलेत. खरे किती? आणि आमच्या कामाला त्यातले कोणते लागतील?

---

रविवारकारंजा_डीटीपी

दादा, आधी कोटेशन, मग गाईड.

बटण दाबल्यावर जे आपणहून उभं राहतं आणि मशीनचा कारभार बघतं ते सिस्टम सॉफ्टवेअर. कुठल्या कामाला किती मेमरी, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, प्रिंटरशी कसं बोलायचं, हे सगळं त्याच्याकडे. विंडोज, लिनक्स, प्रिंटरचा ड्रायव्हर हे त्यात आले. आणि ज्या कामासाठी तुम्ही खुर्चीत बसता ते काम करून देणारं ते ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर. विंडोज वापरायचंय म्हणून कोणी कॉम्प्युटर घेत नाही. चलन काढायचंय, पगारपत्रक करायचंय, माझ्यासारखीला पत्रिका लावायचीय म्हणून घेतात.

विक्रेता विंडोज देतो त्याच्यासोबत थोडी ॲप्लिकेशन येतातच. नोटपॅड, पेंट, कॅल्क्युलेटर, ब्राउझर. पूर्वी वर्डपॅडही यायचं, ते विंडोज 11 च्या 24एच2 नावाच्या आवृत्तीत काढून टाकलं. तेव्हा 'विंडोज आलं म्हणजे वर्ड-एक्सेल आलं' असं शेठना वाटत असेल तर आजच सांगून टाका. वर्ड-एक्सेल वेगळं विकत घ्यायचं असतं. आमच्या गल्लीत निम्म्या नव्या गिऱ्हाइकांचं इथेच वाजतं.

आता प्रकार. माझ्या दुकानातली एक लग्नपत्रिका घ्या. मजकूर येतो व्हॉट्सॲपवर, तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजकाल सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत. माझी वळणदार अक्षरं आहेत श्रीलिपी या पॅकेजच्या जुन्या फॉन्टांत, त्यांची पद्धत निराळी, म्हणून मध्ये मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टर. मग कोरलड्रॉमध्ये मांडणी, नवरानवरीचा फोटो असेल तर तो फोटोशॉपमध्ये साफ करायचा, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करून पीडीएफ काढायची म्हणजे छापखान्याच्या मशीनवर फॉन्ट नसला तरी अडत नाही. पीडीएफ परत व्हॉट्सॲपवर, मामांचं नाव राहिलं म्हणून फोन, दुरुस्ती, पुन्हा पीडीएफ. शेवटी बिल टॅलीत आणि पैसे यूपीआयवर. एका पत्रिकेला एवढी ॲप्लिकेशन लागली आणि प्रत्येकाचं काम निराळं.

कन्व्हर्टरवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. युनिकोड ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतं, जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप झालेली असते. वर रफार असला की विचारूच नका. नवरदेव 'कार्तिक' असेल किंवा आडनाव 'कुऱ्हाडे' असेल तर मी ते शब्द बोट ठेवून वाचते. पत्रिकेतलं नाव चुकलं तर फुकट छापून द्यावी लागते, त्यात दोन्हीकडचे मामा दुकानात येतात.

तर दोन, सहा की नऊ? नऊवाल्या सरांनी कामं मोजली: टायपिंग, आकडेमोड, माहितीसाठा, सादरीकरण, चित्रं आणि छपाई, गाणी-व्हिडिओ, निरोपानिरोपी, शिक्षण, हिशेब. सहावाल्यांनी त्यातलीच काही एका मोळीत बांधली. दोनवाल्यांनी कामं सोडली आणि गिऱ्हाईक बघितलं: कोणालाही चालणारं की ठरावीक धंद्यालाच लागणारं. तिघंही बरोबर, प्रश्न वेगवेगळे विचारलेत. मुलीला सांगा, आकडा पाठ करू नको, कशावरून वाटणी केली ते लिही.

---

नाशिकरोडचे_सर

वरच्या ताईंनी छान मांडलंय. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो, म्हणून परीक्षेच्या अंगाने थोडं.

सर्वसाधारण वापराचं म्हणजे वर्ड, एक्सेल, ब्राउझर. हाच वर्ड वकील, शिक्षक आणि सोसायटीचा सेक्रेटरी वापरतो. विशिष्ट वापराचं म्हणजे हिशेबाची टॅली, इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं ऑटोकॅड, दवाखान्याचं किंवा लायब्ररीचं सॉफ्टवेअर. आणि तिसरं, जे अकरावीची मुलं हमखास विसरतात, ते एकाच संस्थेसाठी मुद्दाम लिहून घेतलेलं. गाईडमध्ये दोनच असले तरी हे तिसरं एका ओळीत लिहायला हरकत नाही, त्याने मार्क जात नाहीत.

'एक्स्ट्रा' शब्दाचा राग मानू नका, त्याला इतिहास आहे. पूर्वी मोठ्या कॉम्प्युटरच्या भाड्यातच सॉफ्टवेअर धरलेलं असायचं. 1969 च्या जूनमध्ये आयबीएमने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावू. नुसतं सॉफ्टवेअर विकण्याच्या धंद्याला तिथून जोर आला. मग 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसीकॅल्क आलं, ॲपल टू या कॉम्प्युटरवर चालणारं. एका रकान्यातला आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलायची. आज यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा हिशेबाची माणसं ते बघून 'हे ज्यावर चालतं ते यंत्र द्या' म्हणून दुकानात जात. सॉफ्टवेअरपायी यंत्र खपायला लागलं. 1983 मध्ये आयबीएमच्या पीसीवर लोटस 1-2-3 आलं, एक्सेल 1985 मध्ये आणि तेही आधी मॅकिंटॉशवर. तुमचा स्टॉक ज्या चौकटीत बसतो ती चौकट तिथून आलेली आहे.

एक भर घालतो. अँटीव्हायरस, फाइल लहान करणारी, बॅकअप घेणारी सॉफ्टवेअर ही ॲप्लिकेशनमध्ये धरू नयेत. ती युटिलिटी, म्हणजे सिस्टम सॉफ्टवेअरच्या गोटातली.

---

रविवारकारंजा_डीटीपी

सर, परीक्षेत तसंच लिहावं, मान्य. पण कोटेशनवाला अँटीव्हायरस 'सिस्टम सॉफ्टवेअर इन्क्लुडेड'मध्ये धरून फुकट देणार आहे का? तिथे तो एक्स्ट्रातच लावणार.

आणि श्रीलिपी तुम्ही कुठे बसवाल? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं पॅकेज आहे. फॉन्ट देतं, म्हणजे नुसत्या फाइली. कीबोर्डचा लेआउट बदलतं, म्हणजे सिस्टमच्या जागेत हात घालतं. शिवाय कन्व्हर्टरसारख्या गोष्टी, ती तर सरळ ॲप्लिकेशन. एकाच खोक्यात तिन्ही. शेजारचे काका अजून पेजमेकर चालवतात, ज्याची शेवटची आवृत्ती 2001 ची 7.0. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून त्यांना श्रीलिपी सोडता येत नाही. आणि तयार मजकूर सगळा श्रीलिपीत, म्हणून पेजमेकर सोडवत नाही. जुन्या विंडोजचं मशीन त्यांनी त्या दोघांपायी सांभाळून ठेवलंय, त्याला इंटरनेट लावत नाहीत.

---

सातपूर_व्हीएमसी

स्टोअरवाले भाऊ, मशीनशॉप म्हणताय म्हणून लिहितो. तुमच्याकडे पार्टीकडून ड्रॉइंग येत असणार, बहुतेक डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल. ती नुसती उघडून बघायला आणि प्रिंट काढायला ऑटोकॅड विकत घेऊ नका. ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतं. ड्रॉइंगमध्ये बदल करणारा माणूस ऑफिसात बसणार असेल तरच ऑटोकॅडचा विचार करा, कारण ते दर वर्षी भाडं भरायचं प्रकरण आहे.

थ्रीडी मॉडेलवरून टूलपाथ, म्हणजे मशीनचं टूल कुठून कसं फिरायचं तो रस्ता, काढायचा असेल तर कॅम सॉफ्टवेअर लागतं, मास्टरकॅमसारखं. ते प्रोग्रॅमरच्या मशीनवर. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचा खर्च धरू नका, त्याला ग्राफिक्स कार्डही जरा बरं लागतं.

आमच्या शॉपवर यावरून एकदा वाद झाला होता. एक पोरगा म्हणाला, सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनचा पार्ट प्रोग्रॅम, जी शून्य एक, एम शून्य तीन वगैरे सूचना, हेसुद्धा ॲप्लिकेशन सॉफ्टवेअरच, 'प्रोग्रॅम' म्हणतात ना त्याला. माझं मत निराळं. कॅम हे ॲप्लिकेशन. त्यातून निघालेली जी-कोडची फाइल म्हणजे तुमच्या एक्सेलच्या शीटसारखी, त्याने केलेलं काम. ती वाचून टेबल हलवणारं जे फॅनक कंपनीच्या कंट्रोलरमध्ये आत बसलंय ते मशीनचं स्वतःचं. त्यातलं काही ऑपरेटरच्या हातात नसतं आणि नसलेलंच बरं. मशीनवर मॅक्रो, म्हणजे सूत्रांचे छोटे प्रोग्रॅम, लिहिणारे म्हणतील आम्हीही प्रोग्रॅमर. म्हणू द्या.

---

अंबड_स्टोअरकीपर

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. ट्रूव्ह्यू आजच उतरवून घेतलं. पार्टीचं ड्रॉइंग पहिल्यांदा माझ्या स्क्रीनवर उघडलं, एरवी शॉपफ्लोअरवर जाऊन प्रोग्रॅमरच्या मागे उभं राहावं लागायचं.

आता आमची गरज अशी. एका कॉम्प्युटरवर अकाउंटवाल्या मॅडम: टॅली, बँक, जीएसटी. दुसऱ्यावर मी: स्टॉक, चलन, ई-वे बिल, मेल. काही शंका. टॅली दोन्हीकडे दिसायला हवी, मग एक घेऊन चालेल का? ई-वे बिलाचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं असतं का, कारण मी तर नुसती वेबसाइट उघडतो? आणि कोटेशनवाला म्हणतो 'ऑफिस टाकून देतो, कशाला पैसे घालवता', ते घ्यावं का?

---

रविवारकारंजा_डीटीपी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. 'टाकून देतो' म्हणजे चोरीचं. घरी कोणी काय करतं त्यात मी पडत नाही, पण जीएसटी नंबर असलेल्या कंपनीच्या मशीनवर ते नको. शिवाय त्याच्यासोबत जे क्रॅक नावाचं, लायसन्सचं कुलूप तोडणारं पिल्लू येतं ते बसवताना हे लोक आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर मॅडम बँकेचा पासवर्ड टाकणार. तुम्हीच बघा.

पैसे वाचवायचेच असतील तर लिबरऑफिस घ्या. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं, ओपन सोर्स, कंपनीतही बिनपैशाने वापरायची मुभा. साधा स्टॉक, बेरजा, फिल्टर, सगळं होतं. अडतं कुठे? एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की आपोआप चालणाऱ्या सूचना, असलेली फाइल पार्टीकडून आली तर ती कधी चालते, कधी नाही. मराठी पत्रं त्यात व्यवस्थित टाइप होतात, ते माझ्या रोजच्या वापरातलं आहे. मोठी गिऱ्हाइकं तुम्हाला स्वतःचे एक्सेल फॉर्म भरायला पाठवत असतील तर मात्र एका मशीनवर खरं एक्सेल ठेवा. ते एकदाच पैसे भरूनही मिळतं आणि वर्षाच्या भाड्यानेही. कोटेशनवर दोघांतलं कुठलं ते लिहून मागा, नाहीतर पुढच्या वर्षी स्क्रीनवर पिवळी पट्टी आली की शेठ तुम्हाला धरतील.

फुकटातही पोटजाती आहेत. सेव्हन-झिप कंपनीतही फुकट. विनरार चाळीस दिवस वापरून बघा, मग विकत घ्या, असं म्हणतं. पुढेही उघडतं हा त्याचा मोठेपणा. लांबून स्क्रीन बघायची टीमव्ह्यूअरसारखी सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आणि धंद्याला पैसे. 'फ्री' बघितलं की खाली कोणासाठी ते वाचायचं.

टॅली: सिल्व्हर एका कॉम्प्युटरपुरती, गोल्ड ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना. तुम्ही आणि मॅडम दोघं एकाच वेळी बसणार असाल तर गोल्ड. तुम्हाला दिवसातून एकदा स्टॉक बघण्यापुरती हवी असेल तर मॅडमना रिपोर्ट पीडीएफ करून पाठवायला सांगा आणि सिल्व्हरवर भागवा. किमतीत चांगला फरक आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक बघा. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. जुनी टॅली कुठून तरी आणून बसवू नका, सीए ओरडतील. टॅली मूळची बंगळुरूची, 1986 पासूनची, बापलेक गोएंकांनी काढलेली. हिशेबाच्या विशिष्ट कामाचं सॉफ्टवेअर म्हणून मुलीला उदाहरण द्यायला चांगलं.

ई-वे बिलाचं तुम्ही बरोबर हेरलंत. वेगळं काही घ्यायचं नाही. ते वेब ॲप्लिकेशन: चालतं सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या सर्व्हरवर, तुमच्याकडे फक्त ब्राउझर. मुलीच्या यादीत हा आणखी एक फाटा: मशीनवर बसवायचं, मोबाइलवर उतरवायचं, की ब्राउझरमध्येच उघडायचं. टॅली पहिल्यातली, यूपीआयवालं ॲप दुसऱ्यातलं, ई-वे बिल तिसऱ्यातलं. नेट गेलं की तिसरं बंद. अंबडला पावसाळ्यात लाइनचं काय होतं ते मी सांगायला नको, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, गाडी गेटवर उभी राहते.

---

पिंपळगाव_पॅकहाऊस

सरांनी ते तिसरं सांगितलं, मुद्दाम लिहून घेतलेलं, त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. द्राक्षं युरोपला पाठवायची तर शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेचं ग्रेपनेट. बागेचा प्लॉट नोंदवलेला, त्याचा नंबर, त्या प्लॉटच्या नमुन्याचा लॅबमधला औषधांच्या अंशाचा रिपोर्ट, पॅकहाऊस, कंटेनर, सगळं एकमेकाला जोडलेलं. तिकडे पेटीत काही सापडलं तर मागे माग काढत बागेपर्यंत येता यायला हवं, त्यासाठीच केलेलं. बाजारात तयार मिळणारं नाही आणि दुसऱ्या कुठल्या कामाला लावताही येणार नाही. तेही ब्राउझरमध्येच उघडतं, म्हणजे ताईंच्या वाटणीत वेब आणि सरांच्या वाटणीत खास बनवलेलं, दोन्हीकडे नाव लागतं.

हंगामात रात्री अकराला पॅकिंग संपल्यावर नोंदी भरायला बसलं की प्रकार कुठला ते कोणी विचारत नाही, फक्त लॉगिन व्हावं.

---

नाशिकरोडचे_सर

उत्तम उदाहरण. पुढच्या बॅचला हेच देतो, वर्गात निफाड-दिंडोरीची मुलं असतातच.

ताई, श्रीलिपीवर तुमचं म्हणणं पटतं. पाठ्यपुस्तकातली वाटणी ही अभ्यासाच्या सोयीची. पेपरात मात्र 'अँटीव्हायरस: युटिलिटी' असंच.

---

अंबड_स्टोअरकीपर

शेठसमोर कागद ठेवला. मॅडमच्या मशीनवर टॅली सिल्व्हर आणि एक्सेल, माझ्यावर लिबरऑफिस, ट्रूव्ह्यू, सेव्हन-झिप. अँटीव्हायरस दोन्हीला, कोटेशनवाल्याने तो एक्स्ट्रातच लावलाय, ताई म्हणाल्या तसा. शेठ म्हणाले, आधी सिल्व्हरवर सहा महिने काढू, मग गोल्डचं बघू. त्यांनी एवढंच विचारलं की लिबरऑफिस फुकट आहे तर मॅडमना एक्सेल कशाला. पार्टीचे मॅक्रोवाले फॉर्म लिबरऑफिसमध्ये उघडून दाखवले, दोन बटणं दाबली, काहीच झालं नाही. मग सही केली.

कोटेशनवाल्याला नवं कोटेशन द्यायला सांगितलंय, प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि एकदाचे पैसे की वर्षाचे, असे वेगळे रकाने करून. तो म्हणाला, असं आजवर कोणी मागितलं नाही.

---

रविवारकारंजा_डीटीपी

विंडोजपुढेही 'होम' की 'प्रो' लिहून घ्या, दादा. आणि मशीनसोबत आलेलं विंडोज सहसा त्याच मशीनला बांधलेलं असतं, मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर बिल लागेल. बिलाचा फोटो मेलवर ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात.